बिननंबरी विंगर

५ फेब्रुवारी
पत्र आलं. असोसिएशनचं लेटरहेड, खाली सही, सहीवर शिक्का. राष्ट्रीय रग्बी संघासाठी उदयोन्मुख खेळाडूंचं निवड शिबिर, चार आठवडे, रोज सकाळी साडेसहा. मला 'सराव-सहकारी' म्हणून बोलावलंय.

हिने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, यात निवड तुझी नाहीये, त्या पोरांची आहे. त्यांच्यासमोर उभं राहायला माणसं हवीयत. ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते. त्यामुळे हिला कशातही फक्त हाड दिसतं. अशा पत्रांची भाषा जपून लिहिलेली असते. 'या, तुम्हीच हवेत' असं कुणी लेटरहेडवर लिहितं का?

वय एकतीस. उदयोन्मुखला जरा जास्त, असं कुणी म्हणेल. पण उदय किती वाजता व्हावा हे कुठे लिहिलंय?

संकल्प: साखर बंद. पहाटे पाचला उठणे. नाव लागेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही.

संध्याकाळी: आईला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, विंगर म्हणजे कोण. म्हटलं, मैदानाच्या कडेकडेने बॉल घेऊन पळत सुटतो तो. आई म्हणाली, म्हणजे कडेलाच ठेवलंय का तुला.

७ फेब्रुवारी
रजा मिळाली. बिनपगारी. मी फ्रिज आणि वॉशिंग मशीन घरपोच नेऊन बसवतो, गेली नऊ वर्षं. मॅनेजर म्हणाला, चार आठवडे म्हणजे चारच, पाचव्या आठवड्याचं मी काही सांगू शकत नाही. मी मनात म्हटलं, पाचव्या आठवड्यात मीही काही सांगू शकत नाही, बहुधा परदेशात असेन.

ड्रायव्हर म्हणाला, मग जिन्याने मशीन कोण चढवणार? खरं तर तोच माझा सराव होता. चार मजले, पाठीवर सत्तर किलो, आणि वर पोचल्यावर हसतमुख राहायचं. त्या एकोणीस वर्षांच्या पोरांनी हे केलंय का कधी?

१२ फेब्रुवारी
पहिला दिवस. पाचला उठणार होतो, सहाला उठलो. झोपही ट्रेनिंगचाच भाग आहे.

तीस पोरांना निळे बिब दिले, छातीवर नंबर. आम्हा पंधरा जणांना राखाडी, नंबर नसलेले. आधी जरा लागलं. मग लक्षात आलं, नंबर त्यांना लागतो ज्यांना ओळखायचं असतं. कोच मला ओळखतो.

निळेवाले हॉस्टेलवर राहतात. आम्ही रोज बसने घरी. ज्यांच्यावर विश्वास असतो त्यांनाच घरी सोडतात.

राखाडीत एक पोस्टमन आहे. तीस वर्षांचा, लांब पायांचा, कमी बोलणारा. आपण इथे कशाला आहोत असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, मार खायला. माणसात जिद्दच नसली की असं होतं.

१४ फेब्रुवारी
निळ्यांचं टायमिंग घेतलं. चाळीस मीटर. आमचं नाही घेतलं. मी त्यांच्या शेजारून पळून फोनवर स्वतःच घेतलं. सहा पूर्णांक दोन सेकंद. फोन सुरू करायला गेलेला वेळ, बंद करायला गेलेला वेळ आणि समोरचा उतार वजा केला तर पाच पूर्णांक एक. तो उतार नव्हता, चढ होता. म्हणजे आणखी कमी.

सगळ्यात वेगवान पोराला सगळे ससा म्हणतात. वय एकोणीस. विंगर. म्हणजे माझीच जागा. आज तो मला नऊ वेळा चुकवून गेला. सुरुवातीला मी मुद्दाम जाऊ देतो. अभ्यास होतो.

साखर: फक्त चहात.

१८ फेब्रुवारी
सराव संपल्यावर ससा माझ्याजवळ आला. म्हणाला, दादा, अर्धा तास थांबाल का? समोर अंगाने भक्कम माणूस असला की माझे पाय अडखळतात. भक्कम म्हणाला. पोराला समज आहे.

थांबलो. त्याला सांगितलं, तू नेहमी उजवीकडूनच पळतोस, सगळ्यांना कळतं. उजवा खांदा टाकायचा आणि डावीकडून आत घुसायचं. दहादा करून घेतलं. अकराव्यांदा जमलं आणि मी हवेला मिठी मारून पडलो. त्याने हात देऊन उठवलं, चारदा सॉरी म्हणाला.

शिकवणारा नेहमी वरचढ असतो. हे कोचच्या नजरेला पडलं असणारच. तो गाडीत बसून निघून गेला होता, पण अशा गोष्टी पोचतात.

२२ फेब्रुवारी
आईने सगळ्यांना सांगितलंय. मामाचा फोन आला. अभिनंदन म्हणाला. मी म्हटलं, अजून जाहीर व्हायचंय. मामा म्हणाला, म्हणजे झालेलंच आहे. यात मी खोटं काय बोललो? आत्याने फ्रेम करायला माझा फोटो मागितलाय. शर्ट घातलेला पाठव म्हणाली.

ही ताटं उचलत होती. म्हणाली, कोचला एकदा सरळ विचार. मी म्हटलं, असं सरळ विचारायचं नसतं. तिने विचारलं, का, उत्तर माहितीये म्हणून? मी बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिलो.

ससा रोज अर्धा तास थांबतो. डावीकडून आत घुसणं आता त्याच्या पायात बसलंय. कोचने सगळ्यांसमोर त्याला शाबासकी दिली. कुणी शिकवलं हे कोचने विचारलं नाही. सशाने सांगितलं नाही. नंतर म्हणाला, दादा, मी सांगायला तोंड उघडलं तर ते पुढे निघून गेले. असेल.

२७ फेब्रुवारी
कोचला विचारलं. सरळ नाही, पण विचारलं. म्हटलं, सर, माझ्याबद्दल तुमचं काय मत? तो यादीत काहीतरी खोडत होता. वर न बघता म्हणाला, तुझ्यासारखे अजून दहा असते तर माझं काम सोपं झालं असतं.

दहा. म्हणजे निम्म्याहून जास्त टीम माझ्यासारखी हवीय त्याला.

हिला सांगितलं. तिने ताट वाढलं. मग म्हणाली, जेवून घे.

पोस्टमनला सांगितलं. तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, अरे, उभं राहायला माणसं कमी पडतायत त्याला, म्हणून म्हणाला तो तसं. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांची पत्रं वाटतो, स्वतःला एखादं यावं असं त्याला वाटतच नसावं.

३ मार्च, दुपारी १.१०
शेवटची सराव मॅच. निळे विरुद्ध राखाडी. यादी तीन दिवसांनी लागणार, आणि असोसिएशनचे लोक खुर्च्या टाकून बसलेले. आजच दाखवायचं होतं.

मध्यंतरापर्यंत ससा माझ्या बाजूने तीनदा गेला. तिसऱ्यांदा खुर्च्यांवर टाळ्या.

मग तो चौथ्यांदा आला. तो उजवा खांदा टाकणार आणि डावीकडून आत येणार हे मला माहीत होतं. मैदानात एवढ्या खात्रीने फक्त मलाच माहीत होतं. झेप घेऊन टॅकल केला. चांगला बसला. पूर्ण वजन गेलं.

बॉल त्याच्या हातातून आधीच गेला होता असं काहींचं म्हणणं. काही म्हणजे सगळे. शिट्टी झाली होती असंही म्हणणं. वारा होता, मला ऐकू आली नाही.

ससा उठला नाही. स्ट्रेचर आलं. मॅच तिथेच थांबवली, वीस मिनिटं बाकी असताना. मी लयीत होतो.

३ मार्च, संध्याकाळी
ही घरी आली. पिशवी ठेवली, चप्पल न काढता खुर्चीत बसली. त्याला हिच्याच टेबलावर आणलं होतं. नडगी दोन ठिकाणी मोडलीय, गुडघ्याचंही काहीतरी आहे. वर्ष जाईल म्हणाली. कदाचित जास्त.

मी म्हटलं, खेळात होतं असं.

ती म्हणाली, "फोटो काढताना पाय जरा हलवावा लागतो. तेव्हा तो ओरडला नाही. मला विचारत होता, त्या दादांना लागलं नाही ना. मी त्याला सांगितलं नाही मी कुणाची कोण ते."

मग ती आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

४ मार्च
वाईट वाटतंय. हे आधी लिहून ठेवतो.

आता विचार. विंगरची एक जागा रिकामी झाली. मी केली असं नाही, ती झाली. निळ्यांमध्ये दुसरे दोन विंगर आहेत, पण एकाच्या हातून बॉल निसटतो आणि दुसऱ्याला अजून घरची आठवण येते. अनुभवी माणूस लागणार.

असोसिएशनचा मेसेज आला: उद्यापासून मैदानावर येऊ नये, सहकार्याबद्दल आभार. विश्रांती देतायत. निवडीआधी पाय ताजे हवेत.

साखर: तीन चमचे. आजच्यापुरतं.

६ मार्च
यादी अकराला लागणार होती. दहापासून फोन हातात. अकरा वीसला वाजला. पोस्टमन. म्हणाला, घरी आहेस का, येतो.

तो ड्रेसवरच आला, खांद्यावर टपालाची पिशवी. चहा घेतला नाही. दाराशी उभ्यानेच सांगितलं की कोचने त्याला घेतलंय. सशाच्या जागी.

मी विचारलं, तुला? राखाडीतून?

तो म्हणाला, मीही तेच विचारलं. कोच म्हणाला की तीन आठवडे, जिथे उभा राहा सांगितलं तिथे तू उभा होतास. तेवढंच म्हणाला.

त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाला, "तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून आलो. आणि एकदा हॉस्पिटलात जाऊन ये रे."

मी मोठ्या मनाने अभिनंदन केलं. आवाज बसला होता, सर्दी आहे.

आईला फोन केला नाही. तिचे तीन येऊन गेले.

९ मार्च
हॉस्पिटलात गेलो. हिला न सांगता, हिची ड्यूटी संपल्यावर. तिसरा मजला, सहा खाटांचा वॉर्ड. ससा खिडकीजवळ, पाय वर टांगलेला. त्याची आई संत्रं सोलत होती. तिला वाटलं मी टीमतर्फे आलोय. स्टूल पुसून दिलं.

त्याला काय बोलायचं हे बसमध्ये ठरवलं होतं. तोच आधी बोलायला लागला. आवाज खाली आणून, आईला ऐकू जाऊ नये असा.

"दादा, मी कोचना सांगितलंय, वाऱ्यामुळे तुम्हाला शिट्टी ऐकू आली नसणार. ते चिडले होते. म्हटलं, उगाच तुमची जागा जायला नको."

तुमची जागा.

चार आठवड्यांत, आईला धरून सगळ्या नातेवाइकांत, मैदानावरच्या सगळ्यांत, ही जागा आहे असं खरोखर मानणारा हा एकटा होता.

मग त्याने विचारलं, "लागलं ना नाव?"

मी म्हणालो, "राखीवमध्ये."

तो हसला. आईकडे वळून म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं का, मला शिकवायचे ते हेच. तिने माझ्या हातावर अर्धं संत्रं ठेवलं. मी ते सगळं खाल्लं.

माफी मागायची राहिली. वॉर्डात गर्दी होती. गर्दी नव्हती.

शिट्टी ऐकली होती. टॅकलच्या आधी दोन पावलं. तीन असतील.

हे पान फाडणार होतो. राहू दे.

१३ मार्च
हिला सांगितलं. शिट्टीचं. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. म्हणाली, मला नको सांगू, त्याला सांग. मी म्हटलं, सांगेन. कधी, असं तिने विचारलं. म्हटलं, जरा बरा झाला की. ती म्हणाली, त्याला वर्ष लागेल. वर्ष म्हणजे बराच वेळ आहे.

२१ मार्च
कामावर घेतलं. मॅनेजरने ठरल्यापेक्षा एक आठवडा जास्त झाला याची आठवण करून दिली. पगारातून कापणार.

आज चौथा मजला, लिफ्ट बंद, पुढून कपडे टाकायचं मशीन. ड्रायव्हरने खालच्या बाजूने धरलं, मी वरून. घरात बाप, दोन मुली आणि टीव्हीवर मॅच. आमची मॅच. मशीन बाथरूममध्ये न्यायचं तर हॉलमधूनच जावं लागत होतं.

पोस्टमन कडेला उभा होता. छातीवर नंबर चौदा. कॅमेरा त्याच्यावरून दोनदा गेला. मान खाली घालून तो बुटाची नाडी तपासत होता.

मी मशीन खाली ठेवलं. दम खायला. थोरल्या मुलीने विचारलं, हा चौदा नंबर कोण, नवीन दिसतोय. बाप म्हणाला, काय माहीत, कुणाच्या तरी जागी आलाय. मी सांगितलं, मी ओळखतो त्याला. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. एकीने विचारलं, कसे काय?

उत्तर तयार होतं. आठ-दहा वाक्यं, सगळी बसमध्ये घोळवलेली. जिभेवर आली होती.

तेवढ्यात बॉल कडेला आला आणि बाप म्हणाला, "भाऊ, जरा बाजूला व्हा. काही दिसत नाहीये."

बाजूला झालो. मशीन बाथरूममध्ये नेलं. पाइप जोडला, लेव्हल बघितली, नळ सोडून गळती तपासली. बाहेर हॉलमध्ये सगळे एकदम उठून उभे राहिल्याचा आवाज आला. नक्की काय झालं ते कळलं नाही.