गोठलेला पारा आणि बाकीचे रकाने

प्रिय दिनू,

आयुष्यभर तुला पत्र लिहिताना माझा मायना एकच असायचा, 'चि. दिनूस अनेक आशीर्वाद.' आज पेन उचललं आणि 'चि.'पाशीच थांबले. तुला आता चिरंजीव कसं म्हणू? धाकट्या भावाला 'प्रिय' लिहायची आपल्या घरात पद्धत नाही, त्यामुळे जरा अवघडल्यासारखं होतं आहे. चालवून घे.

लिहायला कारण आहे. तुझं काम आता मेघना पाठवणार आहे. ध्रुवाकडच्या त्या ठाण्याचं जुनं तापमान, तू आणि मी मिळून पानोपान उतरवलेलं, ते आता जिथे जगभरच्या अशा नोंदी गोळा होतात तिथे जाईल. पण त्याआधी गेल्या रविवारी देवासला, तुझ्याच टेबलाशी बसून, तुझी लेक आणि मी चांगल्या भांडलो. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं? कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लोक सकाळी टेकडीला फेरी मारू लागतात. तू ध्रुवाच्या मागे लागलास. फार वर्षांपूर्वी बर्फातल्या एका ठाण्यावर काही माणसं राहिली, रोज ठरल्या वेळी बाहेर जाऊन त्यांनी थर्मामीटर वाचला आणि शाईने आकडे लिहून ठेवले. त्या पानांचे फोटो इंटरनेटवर आहेत, पण ते अक्षर यंत्राला नीट लागत नाही. माणसांनीच बसून उतरवायचं.

"अक्का, मला जोडीदार हवा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं," तू फोनवर म्हणालास.

"मी धारला, तू देवासला आणि आकडे उत्तर ध्रुवाचे. आपल्या घरात कोणी बर्फ तरी पाहिला आहे का?"

"उसाच्या रसातला पाहिलाय ना," तू म्हणालास.

मग रोज दुपारी जेवणं आटोपली की तुझा फोन. दोन गावांत एकच पान उघडं. तू वाचायचास, मी माझ्याकडच्या ओळीवर बोट ठेवून "पुढे" म्हणायचे. चुकलास की "मागे." जन्मभर मुलींना गणित शिकवलेली बाई आणखी काय बोलणार? बाहेर रस्ता तापलेला, आत कूलर घरघरतो आहे आणि आपण उणे तीस, उणे बत्तीस करत बसलो आहोत.

तुझ्या शेजारच्या किराणावाल्याने एकदा खिडकीतून तुला टोकलं होतं, ते मी फोनवर ऐकलं. "सर, वहाँ की ठंड लिखने से यहाँ की गर्मी कम होगी क्या?"

"कम तो नहीं होगी भिया, पर ये तो पता चलेगा कि कितनी बढ़ी."

तुझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मला ते एक वाक्य पुरलं. जुनी थंडी नेमकी ठाऊक नसेल, तर आजची ऊब कशाशी ताडून बघायची?

आता रविवारचं ऐक. मेघना इंदूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तेव्हा तिने तुझ्या आकड्यांवर संगणकाची चाळणी फिरवली, हे बरोबरच केलं. एखादा आकडा दिवसेंदिवस जसाच्या तसा राहिला, तर ती चाळणी यंत्र बिघडलं असं धरते आणि तो टाकून देते. एका हिवाळ्यातले सगळ्यात थंड दिवस त्यात उडाले.

"आत्या, हे बघ ना, लगातार उणे एकोणचाळीस. असं कधी असतं का? थर्मामीटर खराब असेल, नाहीतर तो माणूस आत बसून मनाचंच लिहीत असेल. मी काढून टाकलं."

"परत घाल," मी म्हटलं.

"आत्या, तू पण ना. नियम आहे तो."

"नियम राहू दे. आधी मूळ पान उघड."

मला ठाऊक होतं, कारण त्या पानावर आपण दोघं होतो तेव्हा मीही तेच बोलले होते. हा माणूस आळशी दिसतो, म्हटलं होतं मी, कालचंच उतरवतोय. तू हसला नाहीस. "त्याला बोलू नकोस अक्का. पारा गोठलाय." उणे एकोणचाळीसच्या आसपास पारा घट्ट होतो आणि नळीत बसून राहतो. थंडी आणखी खाली जाते, पारा जात नाही. मी बी.एस्सी. झालेली बाई, हे कधीतरी शिकले असेन, पण माळव्यात जन्म काढल्यावर पारा गोठतो हे कोणाच्या लक्षात राहणार? त्यांच्याकडचा न गोठणारा स्पिरिटचा थर्मामीटर आदल्याच पानावर फुटला होता, तेही तूच दाखवलंस.

"पण तो बाहेर जात होता कशावरून?" मी विचारलं होतं.

"शेजारचे रकाने बघ. एक आकडा थिजला की बाकीचे रकाने वाचायचे."

तेच मी रविवारी मेघनाला वाचायला लावलं. ती वाचत गेली. वारा एक दिवस उत्तरेचा, दुसऱ्या दिवशी ईशान्येचा, मग अजिबात नाही. आभाळ कधी भरलेलं, कधी निरभ्र. एकदा नुसती उडणारी भुरभूर. तो माणूस रोज बाहेर जात होता, दिवा घेऊन बघत होता आणि दिसेल तेच लिहीत होता. वाचता वाचता तिचा आवाज उतरला.

"मतलब ठंडी याच्यापेक्षा जास्त होती?"

"हो. किती जास्त, ते आता कोणालाच कळायचं नाही. म्हणून तो आकडा पुसायचाही नाही आणि खराही मानायचा नाही. तुझा बाप म्हणायचा, शेजारी लिहायचं, 'याहून थंड.' तू ते दिवस काढून टाकलेस तर तो हिवाळा सौम्य दिसेल. मग आज तिथे वाढलेली उष्णताही कागदावर कमीच भरेल. तुझ्या बापाने डोळे फोडले ते याच्यासाठी?"

तिने ते दिवस परत घातले. मग म्हणाली, "बाबांनी मला कधी सांगितलं नाही हे."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"विचारायची ना, आत्या. इंदूरहून आले की रोज विचारायची, तब्येत कशी आहे. रोज बोलायचे, एकदम बढ़िया."

रोज काम संपलं की मीही विचारायचे आणि तू म्हणायचास, "उत्तम." रोज तोच शब्द, तसाच.

आणि बाकीचे रकाने, दिनू? गेल्या दिवाळीनंतर तू वाचणं सोडून दिलंस. "आज तू वाच अक्का, मी तपासतो." मला वाटलं, डोळे थकले असतील. पान अर्ध्यावर आलं की पाणी प्यायला थांबायचास. दारावर कोणी हाक मारली तर उठायचा नाहीस, "येईल परत" म्हणायचास. माझा आकडा वाचून व्हायचा आणि तुझं "पुढे" यायला वेळ लागायचा, मधे नुसता श्वास ऐकू यायचा. वारा फिरत होता, आभाळ भरत होतं. तू मात्र उत्तम.

त्या ठाण्यावरच्या माणसाला निदान दिसत होतं तेच त्याने लिहिलं. तुला तर आतलं सगळं ठाऊक होतं. एक दिवस जरी 'याहून वाईट' म्हणाला असतास, तर मी मिळेल ती बस धरून आले असते आणि तुला दामटून डॉक्टरकडे नेलं असतं. ते माहीत होतं म्हणूनच बोलला नाहीस, हो ना? मला शिकवलंस ते मला तुझ्यावर वापरू दिलं नाहीस. हे तू बरं केलं नाहीस. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो इतक्यात जाईल असं मला वाटतही नाही.

तुझं काम मात्र नीट जाईल. प्रत्येक थिजलेल्या आकड्याशेजारी मेघनाने तुझे शब्द लिहिले आहेत आणि पहिल्या पानावर तुझं नाव. माझंही घातलं आहे, मी नको म्हणत असताना.

पुढच्या ठाण्याची पानं आम्ही दोघींनी घेतली आहेत. ती कॉलेजातल्या मधल्या सुट्टीत फोन करते, डबा उघडून खाता खाता वाचते, आकडे हिंदीत म्हणते, मी "पुढे" म्हणते. शेवटी मी विचारते, "कशी आहेस?"

"मस्त, आत्या."

परवाही मस्त होती. कालही मस्त होती. पण काल तिने दोन ओळी गाळल्या आणि तिला ते कळलंच नाही. आज डबा उघडल्याचा आवाज आला नाही.

म्हणून तुला वचन देते. तुझ्या लेकीचं 'मस्त' मी पुसणार नाही आणि खरंही मानणार नाही. उद्या सकाळच्या गाडीने निघते, इंदूरला बस बदलून देवासला येते. तिला कळवलेलं नाही.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
अक्का
धार