लग्नाची सूट

हॉकरिग, ९ मार्च

प्रिय नेव्हिल,

ओढ्याच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. मी खिडकी उघडून हाक मारली तर तुझ्याआधी तुझा मॉस भुंकून ओ देईल. पण तोंडाने बोलायला गेले की मी पहिल्याच वाक्याला हवापाण्यावर घसरणार, मग तूही घसरणार, आणि अर्धा तास चिखलाविषयी बोलून आपण आपापल्या घरी जाणार. आजवर दुसरं काय केलं आपण? तुझं लग्न मार्चमधून एकदम ऑगस्टवर गेलं, त्याविषयी मला लिहायचंय. मी सरळ मुद्द्यावर येणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चहा घे आणि शांतपणे वाच. तुझी फेलिसिटी घरात असेल तर बाहेर जाऊन वाच. आधी तू वाचावंस, मग तिला दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

या वर्षी जानेवारीत माझ्या दाराशी तुझा गमबूट आला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. माझा नवरा गॉर्डन होता तेव्हापासूनची रीत आपली. वर्षभराच्या पावत्या तू त्या डाव्या पायाच्या जुन्या बुटात कोंबायचास आणि कराचं रिटर्न भरायची शेवटची तारीख तोंडावर आली की बूट काखोटीला मारून यायचास. मी तो टेबलावर उलटा करायची. डिझेल, छिन्न्या, हातमोजे, कोणाकोणाच्या शेताचे गडगे रचल्याच्या चिठ्ठ्या, आणि दरवर्षी न चुकता मॉसच्या खाण्याची पावती. हा कामाचा कुत्रा आहे, हेझल, खर्चात धर, म्हणायचास. कसलं काम करतो रे तो? मी दगड रचतो तेव्हा माझ्याकडे बघतो. बघण्याला सूट नाही, नेव्हिल. मग तू पॅन्ट पुढे करायचास, आणि मी सांगायची की लोखंडी टाचांचे बूट चालतील पण पॅन्ट तू चर्चमध्येही घालतोस. मग दुपारच्या जेवणाचं बिल. दगड उपाशीपोटी उचलायचे का, म्हणून तू करखात्याच्या सात पिढ्या उद्धरायचास, आणि मी फळांचा केक आणि चीज पुढे सरकवायची. तीन रविवार जायचे त्यात. खरं सांगू? ते काम एका दुपारचं होतं. गुरांच्या लिलावाच्या कचेरीत तीस वर्षं हिशेब केलेली बाई मी. तीन रविवार मी मुद्दाम लावायची.

म्हणून यंदा बूट आला नाही तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. पोस्टातल्या एडनाने आनंदाने सांगितलं, अगं तुझं काम गेलं हो, ती कुंभारीण फोनवरच पावत्यांचे फोटो काढते म्हणे, डिसेंबरातच भरून टाकलं त्याचं! डिसेंबरात! तुझं रिटर्न! तिकिटं घेऊन मी बाहेर आले तर समोर तुम्ही दोघं, आणि तिच्या गळ्यात तुझा तो राखाडी मफलर. तो मफलर मी विणलेला आहे हे तिला माहीत नसणार. तुलाही आठवत नसेल. बरं, बाई दिसायला वाईट असती तर मी थोडं सोसलं असतं. छप्पन्न वर्षांच्या बाईचे केस इतके दाट असायची काही गरज आहे का? हाताला माती लागलेली, तरी ऐटीत. तुझा करखात्याचा दहा आकडी नंबर मला पाठ आहे, नेव्हिल. झोपेतून उठवून विचार. तिला तो दरवेळी फोनमध्ये बघावा लागत असेल, असं मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःशी म्हणत होते. साठी उलटलेली बाई मी, आणि रस्त्याने नंबर पुटपुटत चाललेली.

आता एक जुनी गोष्ट. सहा वर्षांपूर्वीचा जानेवारी. गॉर्डनला जाऊन पाचएक वर्षं झाली होती. फॉर्म जवळजवळ संपला होता आणि तू केकचा तुकडा बोटांनी कुस्करत बसला होतास. मग म्हणालास, हेझल, लग्न झालेल्यांना म्हणे कसली सूट मिळते? मी म्हटलं, हो, एकाची कमाई करपात्र नसेल तर त्याच्या वाट्याच्या करमाफीतला थोडा भाग दुसऱ्याला देता येतो. तू म्हणालास, तुझी कमाई तेवढीच असेल ना आता, कचेरी सुटल्यापासून? मी हो म्हटलं. मग तू माझ्याकडे बघितलंस. एवढं सरळ तू माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतंस. आणि मी काय म्हणाले? तुला ते लागू नाही, तो रकाना कोराच ठेवायचा. असं म्हणाले आणि पान उलटलं. तुला वाटलं असेल हिला कळलंच नाही. मला कळलं होतं. सगळं कळलं होतं. पण गॉर्डनचा कोट अजून दाराला लटकत होता, लोक काय म्हणतील ते होतं, आणि मला वाटलं हा पुढच्या वर्षी पुन्हा विचारेल. तू नाही विचारलंस. मीही नाही. पुढचे पाचही जानेवारी मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले आणि तू मॉसच्या पावत्या काढत बसलास.

यंदा जानेवारीत, नेहमीसारखी, मी दर गुरुवारी वाचनालयात लोकांच्या शंका सोडवायला बसत होते. तेच ते प्रश्न. निवृत्त शाळामास्तर येतात, पेन्शनवरही कर असतो हे ऐकून दरवर्षी नव्याने दुखावतात. कोणी मागची खोली भाड्याने दिलेली असते आणि ते सांगावं लागतं का म्हणून कुजबुजत विचारतात, जणू मी पाद्री आहे. काही कमावलंच नाही तरी रिटर्न भरायचं का? हो, खात्याने मागितलं असेल तर भरायचं, नाहीतर शंभर पौंड दंड. तिसऱ्या गुरुवारी मान वर केली तर समोरच्या खुर्चीत तुझी फेलिसिटी.

तुम्हीच हेझल ना, म्हणाली. नेव्हिल तुमच्याबद्दल किती बोलतो! तुमच्या केकसारखा केक मला जमतच नाही म्हणतो. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! वाईट बोलली असती तर निदान भांडता आलं असतं. स्वतःच्या भट्टीच्या विजेबद्दल दोन-चार प्रश्न विचारले तिने, आणि शहाणे प्रश्न होते ते. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, आम्ही अठ्ठावीस मार्चला लग्न करतोय. नोंदणी कचेरीत नोटीस देऊन झालीय, सकाळी अकराची वेळ मिळालीय. घाई माझ्या आईसाठी आहे. एक्याण्णव वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते, तिच्या डोळ्यांदेखत व्हावं असं वाटतं. नेव्हिल म्हणतो, ती लग्नाची सूट या वर्षी मिळेल का ते हेझलला विचार, तिला सगळं माहीत असतं.

तिला विचार म्हणालास! मला! जो रकाना मी कोरा ठेवायला सांगितला, तो आता तिच्यासाठी भरायचा होता, आणि विचारायला तिलाच माझ्याकडे धाडलंस. तुझ्या मनात काही नव्हतं हे मला कळतं. तू साधा माणूस आहेस. पण त्या क्षणी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी अगदी गोड आवाजात सांगितलं की सूट मिळायला पूर्ण वर्ष लग्न झालेलं असावं लागतं, मार्चमध्ये केलंत तर या वर्षी हातात काही पडणार नाही. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण पुढे म्हणाले, शिवाय वर्ष संपता संपता लग्न झालं की खातं दोघांचेही जुने कागद तपासायला मागवतं, तुम्ही आपलं उन्हाळ्यातच करा. तिने ते वहीत लिहून घेतलं. माझे दोन्ही हात धरून आभार मानले. दुसऱ्या दिवशी दारात एक मग ठेवून गेली, स्वतः घडवलेला, निळा. सुंदर आहे मेला.

खात्याचं खाकी पाकीट दिसलं की तुझं पाणी पाणी होतं हे मला माहीत होतं, म्हणून तर तपासणीचं बोलले. दहा दिवसांत एडनाने बातमी आणली, लग्न ऑगस्टवर गेलं. फेलिसिटी म्हणत होती म्हणे की एकदा खात्याला फोन करून खात्री करू या, तर तू म्हणालास, हेझल म्हणते ना, मग झालं. आठवडाभर मी हवेत होते, नेव्हिल. गुणगुणत भांडी घासली. ऑगस्टपर्यंत काहीही होऊ शकतं, तुमचं भांडण होईल, तिला इथली थंडी मानवणार नाही, असं मनात मांडे खात होते. तू तिच्यापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास, याचाच मला आनंद झाला होता. इतक्या खालच्या थराला गेले होते मी.

काल चर्चमधून निघताना फेलिसिटी फाटकाशी भेटली. डोळे सुजलेले. आईच्या छातीत पाणी झालंय, डॉक्टरांनी एप्रिलचं काही सांगता येत नाही म्हटलंय. ऑगस्ट गाठणार नाही हो ती, म्हणाली आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तर आता ऐक, कारण हे लिहायला मी बसले ते एवढ्यासाठीच. मी फेलिसिटीला सांगितलं ते सगळं खोटं होतं. चुकून नाही, ठरवून. आपलं करवर्ष पाच एप्रिलला संपतं, आणि त्याच्या आदल्या दिवशी जरी लग्न लागलं तरी त्या आख्ख्या वर्षाची सूट मिळते. जुने कागद वगैरे कोणी मागवत नाही, ते मी तिथल्या तिथे रचलं. आज सकाळी मी नोंदणी कचेरीत फोन केला. अठ्ठावीस तारखेची अकराची वेळ अजून कोणी घेतलेली नाही आणि तुमची दिलेली नोटीस चालते. हे वाचून झालं की लगेच फोन कर, उद्यावर टाकू नकोस. तिची आई फार लांबचा प्रवास करू शकणार नाही, पण कचेरी वृद्धाश्रमापासून दहा मिनिटांवर आहे, खुर्चीसकट नेता येईल. सूट मागायचा अर्ज लग्नानंतर, जिची कमाई कमी तिने करायचा असतो, तू नाही. तिला जमेल, हुशार आहे ती. तिला खरं काय ते सांगायचं की नाही हे मी तुझ्यावर सोडते. सांगितलंस तर माझी तक्रार नाही. आणि एक. तिथे सही करायला दोन साक्षीदार लागतात. तू भोळा आहेस, हे सगळं वाचूनही म्हणशील की हेझलला बोलवू या. मला बोलावू नकोस. बोलावलंस तर मी येईन, आणि सही करीन, आणि ती सही करताना मला काय होईल ते तुला समोर उभं राहून बघावं लागेल.

तुझीच म्हणायची वेळ मीच घालवली, तरी एवढ्या एका कागदावर,
तुझीच,
हेझल