गोगलगाय माझी होती

शनिवार, गाझियाबाद

निखिलचा ड्रॅग शो पाहून आलो. नऊवारी नेसून तो प्राण्यांमधल्या क्वीअर जोड्यांवर तासभर बोलला. लोक हसून लोळले. सगळ्यात मोठा हशा गोगलगायीला. ‘नर भी वही, मादा भी वही, और हम मराठी लोग उसे गाय बोलते हैं.’

हा जोक माझा. दिल्लीत वाढलेल्या निखिलला गोगलगाय हा शब्दच माहीत नव्हता. चहा पिताना मीच सांगितला. मग स्टेजवर मी का नाही गेलो? हिंमत नाही, दुसरं काय. तरी जळतोय. गोगलगाय माझी होती.

परतताना मेट्रोत त्यानं विचारलं, “कसा झाला, यार?”

म्हटलं, “काष्टा ढिला दिसत होता.”

काष्टा मीच खोचून दिला होता. चांगला घट्ट.