बांधावरचा वटवट्या

मुरबाड, १८ सप्टेंबर २०२४

ती. रविंद्रकाकांस सारिकाचा नमस्कार.

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून पत्र. आमचं भात निसवलंय, लोंब्या बाहेर पडल्यात. बांधावरच्या करवंदीच्या जाळीत परवा वटवट्या आला. लहानपणी खर्डीला तुम्ही आवाजावरून ओळखायला शिकवलेलं तेच मातकट पाखरू. दिसत नाही, नुसतं चक् चक् करतं. पण त्याच जाळीत रानडुकरं दडतात आणि भात तुडवतात. म्हणून माझे सासरे, कमळूबाबा, ती मुळासकट तोडणार आहेत. त्यांचंही खोटं नाही. काका, काहीतरी करा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सारिका

खर्डी, २३ सप्टेंबर

चि. सारिकास अनेक आशीर्वाद.

सोबतची चार पानं व्याहीबुवांना मोठ्याने वाचून दाखव. सुरुवातच अशी केली आहे की, तुमच्या बांधावर बसलेल्या वटवट्याची बाजू मांडायला मी उभा आहे! मुली, मूठभर शेंगदाण्यांहून हलका जीव हिमालय ओलांडून येतो आणि आपण त्याला एक जाळी देऊ शकत नाही? सगळं रान आपल्या सोयीनं साफ केलं, तर उरेल काय? फक्त आपलाच आवाज. मला त्याचीच भीती वाटते.

घरच्यांना माझी आठवण सांग. माया आहेच.
तुझा काका

मुरबाड, २ ऑक्टोबर

(बाबा सांगतायत, तसंच लिहिते. सारिका)

रविंद्रमास्तरांना कमळूचा रामराम.

सुनेनं तुमचा कागद वाचला. पहिल्याच वाक्याला मी उठलो. दिवसभर बांधावर राखणीला बसतो तो मी, मंग वटवट्या कोन? मलाच म्हनलात! रागानं कोयता घेतला न् जाळीकडं गेलो. सून मागनं धावत आली, ते पाखराचं नाव हाय म्हनली. मी म्हनलो, दाखव. दिसंना. मंग आमी दोघं गप बसलो. आतून चक् झालं. लई वेळानं परत चक्. मास्तर, येवढ्या लांबून येतं न् येवढंच बोलतं. तुमची चार पानं. नाव चुकीच्या जीवाला पडलंय.

बसून ऐकलं, मंग कोयता चालवायला बरं नाय वाटलं. ह्या साली जाळी ठेवतो. पन डुकरं येनारच. तवा राखणीला तुमी या. बांधावर उभं राहून भाषण द्या, एक डुकर फिरकायचं नाय.

राग नाय, लोभच हाय. कवा येता ते कळवा. थोडक्यात.
कमळू