दुरुस्त न केलेला प्रश्न

८ डिसेंबर २००३

शहापूरला प्रशिक्षण, पाच दिवस. इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचे शिक्षक, मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांचे मिळून. पहाटे उठून मुरबाडहून एसटी. पोचल्यावर सही, चहा, दोन बिस्किटं. मग गट पाडले आणि गटांना नद्यांची नावं दिली. मी काळू नदी! पन्नाशीचे गुरुजी टाळ्या वाजवत गाणं म्हणत होते. सतरा वर्षांत अशी किती प्रशिक्षणं झाली, देव जाणे. चार्ट पेपर तेवढा दर वेळी नवा.

११ डिसेंबर

आज मात्र ठाण्याचे साहेब बोलले आणि मी पहिल्यांदा वहीत काही लिहून घेतलं. म्हणाले, नागरिकशास्त्र गावात शिकवा. सातवीच्या मुलांना ग्रामसभेला घेऊन जा. मुलांचा एक प्रश्न तिथे मुलांनीच विचारायचा. आणि शिक्षकाने तो दुरुस्त करायचा नाही! दुरुस्त केलात की तो तुमचा झाला.

खरंच आवडलं. मी तर मुलांची उत्तरंसुद्धा स्वतः सांगून लिहून घेते.

१९ जानेवारी २००४

सातवीत तेरा मुलं. प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणला. बहुतेकांनी पुस्तकातूनच उचलला — ग्रामसभा वर्षातून किती वेळा भरते वगैरे. बाळीचा वेगळा. "पाड्यासाठी मंजूर झालेला हातपंप सरपंचांच्या अंगणात कसा बसला?"

वर्ग एकदम गप्प. मला वाटलं, प्रश्न आवडला म्हणून गप्प.

बाळीने विचारलं, "बाई, खोडू का?"

मी म्हटलं, मुळीच नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सरपंचांना आधी कळवलं होतं, एक मुलगी प्रश्न विचारील. ते खूश होते. बाळी उभी राहिली, हात मागे बांधून, एका दमात विचारलं. सरपंच मोठ्याने हसले. "हुशार हाय गो पोर! कमळूची ना?" टाळ्या त्यांनीच पहिल्या वाजवल्या. ग्रामसेवक म्हणाले, मुद्दा नोंदवून घेतो.

आमचे हेडसर, विशे सर, सगळा वेळ खाली बघत होते. मी मात्र घरी येऊन श्रीखंड केलं. इतका आनंद झाला होता.

२८ जानेवारी

विशे सरांनी ऑफिसात बोलावून दार लोटलं. "बाई, बाळीचा बाप कमळू सरपंचांच्या शेतावर अकरा वर्षं आहे. ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

नव्हतं! मी साडेपाचची गाडी पकडून मुरबाडला येते. इथे टोकावड्याच्या पुढे, शाळेच्या गावात कोण कोणाच्या शेतावर राबतो, कसं कळणार? पण वर्गातल्या तेराही पोरांना ठाऊक होतं. म्हणून तर गप्प होती.

कमळूला कालपासून कामाला बोलावलेलं नाही.

३ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर पाड्यावर गेले. बाळी दोन दिवस आलेली नाही. कमळू ओट्यावर बसला होता. मी माफी मागायला गेले होते. तो मलाच समजावत राहिला.

"पोरीचा काय चुकला नाय, बाई. माजा चुकला. मी घरात बोललो तिच्यासमोर. घरातला बोलना घरातच ठेवाचा असतो, ता तिला सांगाचा राहून गेला."

मी म्हटलं, मी सरपंचांशी बोलते. तो घाबरला. "नका गो बाई. आजून एकदा नका."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाळी बाहेर आली नाही. मी हाकही मारली नाही.

५ फेब्रुवारी

तरी गेलेच. सरपंचांनी चहा दिला, स्वतः बशी पुढे केली. म्हणाले, राग? छे छे! मुलं आहेत ती. कमळूला मी कुठं काढलंय, बाई? सध्या कामच नाय. आणि शाळेच्या नव्या खोलीचा ठराव या महिन्यात घेऊ, विशे सरांना सांगा.

अंगणात हातपंप. त्याच पाण्याचा चहा. प्यायले मी तो.

९ फेब्रुवारी

कमळू, त्याची बायको आणि बाळी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. पावसाळ्यापर्यंत. धाकटी भिमी पाचवीत आहे, तिला आत्याकडे ठेवलंय.

एप्रिलमध्ये परीक्षा. कुठली परीक्षा!

१० फेब्रुवारी

हजेरी घेताना बाळीचं नाव वाचलं गेलं. सवयीने.

१ मार्च

प्रशिक्षणाचं पत्र. कोणी काय उपक्रम केला त्याचा अहवाल पाठवा. मी सगळं लिहायला बसले — कमळू, भट्टी, सगळं. पण छापील नमुन्यात 'फलनिष्पत्ती'ला दोनच ओळी. विशे सर म्हणाले, यात मावेल तेवढंच लिहा. मी लिहिलं : विद्यार्थिनीने निर्भीडपणे प्रश्न विचारला. ग्रामपंचायतीने त्याची नोंद घेतली.

यात खोटं काहीच नाही. तरी सही करताना परत वाचलं नाही.

१२ मार्च

शहापूर. माझा उपक्रम निवडला गेला! सत्तर शिक्षकांसमोर उभी राहून सांगितला. हातपंपाचा प्रश्न सांगितला तेव्हा सगळे हसले, मग टाळ्या. ठरवलं होतं की शेवटी पुढचंही सांगायचं. मनात वाक्यं जुळवून गेले होते — बाबांनो, हे करण्याआधी मुलांच्या घरचं पोट कोणाच्या हातात आहे ते पाहा. पाड्यावर जाऊन या, मगच ग्रामसभेत जा. प्रशिक्षणात कोणी शिकवलं नाही ते हेच, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "आणि ती मुलगी आता कशी आहे?"

मी म्हटलं, छान आहे. नियमित येते.

का म्हटलं? कोणी गळा धरला नव्हता. टाळ्या थांबू नयेत असं वाटलं. एवढंच. लाज वाटते लिहायला.

पुढच्या वर्षी हा उपक्रम दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या शाळांत घ्यायचा म्हणे.

२३ मार्च

साहेब शनिवारी शाळेत येणार. बाळीला भेटायला! फोटो काढून पुस्तिकेत छापणार आहेत.

विशे सरांचा चेहरा उतरला. मग अर्ध्या तासाने म्हणाले, भिमी बरीचशी तिच्यासारखीच दिसते. साहेबांनी काय पाहिलंय?

मी ताडकन उठले. म्हटलं, हे पाप मी करणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "मग शहापूरला खोटं बोललात ते मीच सांगू का साहेबांना?"

भट्टीवर निरोप पाठवायचा म्हटलं तर भट्टी नेमकी कुठली, हे आत्यालाही सांगता येईना.

२६ मार्च

झोप नाही. ठरवलं. उद्या साहेबांना फाटकाशीच गाठायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं. जे होईल ते होईल. कमळूला परत बोलावता येईल की नाही कोण जाणे, पण निदान पुढच्या वर्षी इतर शाळांतल्या पोरी तरी वाचतील.

२७ मार्च

साहेब आले. पंधरा मिनिटं होते. फाटकाशी विशे सर माझ्या आधी पोचले. भिमीने न अडखळता नाव सांगितलं — बाळी. प्रश्नही म्हणून दाखवला, पाठ होता तिला. साहेबांनी पाठ थोपटून विचारलं, "मग? बसला का पंप पाड्यावर?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"बसला," ती म्हणाली.