चित्रातला पटका

भोर,
गुरुवार, ता. १० जानेवारी २००२

चि. तरन्नुम हिला अम्मीचा सलाम आणि पुष्कळ दुवा.

एसटीने पाठवलेलं पार्सल मिळालं. तू चित्रं काढलेल्या गोष्टीची पुस्तकं दोन, अब्बांचा स्वेटर, माझ्या गुडघ्यांचं तेल आणि संग्रहालयातल्या प्रदर्शनाचं आमंत्रण. स्टँडवरचा हमाल पाच रुपये मागत होता, तीन दिले. पुस्तकावर साठ रुपये छापलेले बघून मी त्याला लगेच वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. स्वेटरची किंमत कळव, उगाच लपवू नकोस.

इकडे सर्व ठीक. थंडी बरीच आहे. तेलाने आराम पडतो, आता नमाजेला खाली बसता येतं.

परवा फरहान टेम्पो घेऊन पुण्याला गेला होता, तेव्हा प्रदर्शन बघून आला. हत्तीच्या चित्रांपुढे पोरांची रेटारेटी होती म्हणाला, पण तो तू काढलेल्या बकरीपुढेच थांबला. शेजारच्या पाटीवर तुझी माहिती आहे, ती त्याने वाचली. घरी आल्यावर अब्बा बाहेर गेलेले बघून मला हळूच विचारलं, "अम्मी, अब्बांनी रानात शेळ्या कवा वळल्या गं?"

वडील भोरजवळ शेळ्या पाळतात, त्यांच्याबरोबर रानात हिंडून तुला जनावर कळलं, असं लिहिलंय म्हणे. तरन्नुम, तुला जनावर कळलं ते आपल्या दुकानाच्या मागच्या अंगणात. शाळेतून आलीस की दप्तर टाकून तिथेच बसायचीस.

मी रागावले नाही. गोष्टीतली बकरी शेवटी सुखाने घरी जाते आणि चित्रं काढणारीच्या बापाचं मटणाचं दुकान, हे त्या लोकांत सांगायला तुला जड गेलं असेल. पण त्या दुकानावरच तुझी चित्रकलेची शाळा झाली, आणि अब्बांनी त्या फीबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही.

आता मुद्द्याचं. अब्बा २० तारखेला, रविवारी येणार आहेत. त्या दिवशी चित्रकार मुलांना भेटणार, असं आमंत्रणावर छापलंय ना. त्या रविवारी दुकान बंद ठेवणार. ईद सोडून असा रविवार तुला आठवतो का? मी म्हटलं, मंगळवारी जाऊ, गर्दी नसते. तर म्हणाले, "गर्दीच बघायचीय मला." आणि त्यांना मराठी वाचता येतं. सावकाश, पण येतं.

पुस्तक त्यांनी दुकानातही नेलं. त्यातलं नववं पान, म्हातारा शेतकरी बकरीला घमेल्यातून पाणी पाजतो ते, येईल त्याला दाखवतात. डावा तळवा जबड्याखाली, घमेलं जरासं कलतं. बिस्मिल्ला म्हणण्याआधी अब्बा असंच पाजतात, जनावर तहानेलं जाऊ नये म्हणून. सोमवारी भाटघरचे कुंडलिकदादा बकरी घेऊन आले. त्यांनाही दाखवलं. "वळख बरं कोन हाय."

दादा म्हणाले, "तूच की रं झुल्फिकार. हात तुझाच. पर पटका कुनाचा बांधलास?"

अब्बा हसले. मग हसायचे थांबले. टोपी चाचपली, ते पान बराच वेळ बघितलं आणि पुस्तक मिटून गल्ल्यावर ठेवलं. तेव्हापासून ते कुणाला दाखवत नाहीत.

काल दुकानातून आले, मी हातावर पाणी घालत होते. खाली बघतच म्हणाले, "तितं कुनी इचारलं, तुमी काय करता, तर म्या काय सांगू?"

मी पाणी घालत राहिले. लोटा रिकामा झाला तरी त्यांनी हात मागे घेतले नाहीत.

फरहान म्हणतो, मी त्यांच्यापाशी काही बोललो नाही. मलाही त्यांना खोटं सांगून घरी बसवणं जमणार नाही. पाटी बदलता आली तर बदल. नाही आली तर तू स्वतः त्यांना लिही, मग यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. त्यांचा पांढरा सदरा इस्त्रीला टाकलाय, अजून परत मागवलेला नाही.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. उलटटपाली उत्तर पाठव. पाकिटावर नाव मुद्दाम घातलेलं नाही. माझं घालू नकोस, अब्बांचं घाल.

पत्राची वाट बघणारी,
तुझी अम्मी
अजीजुन्निसा