मोरागचा नवरा

हॅमिल्टन, कॅनडा
९ फेब्रुवारी १९८६

ती. मार्सलीआत्यास,
लॅकलनचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. दवाखाना विकून टाकला. तीस वर्षं लोकांच्या दाढा उपटल्या, आता उरलेलं आयुष्य आपल्या कुळाचा शोध घेण्यात घालवायचं ठरवलंय.

आत्या, आपलं मॅकिलटॉरन हे आडनाव किती दुर्मिळ आहे याची तुला कल्पना नसेल. मी देशोदेशींच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या पालथ्या घातल्या, पत्रं लिहिली. अख्ख्या जगात त्रेसष्ट माणसं सापडली! निम्मी इकडे, मूठभर न्यूझीलंडात, ग्लासगोत दोन घरं, आणि ज्या बेटावर हे नाव जन्मलं तिथे तू एकटी. एडिंबराच्या एका तज्ज्ञाकडून अर्थही काढून घेतलाय. मेघगर्जनेचा पुत्र! म्हणजे आपण मूळचे लढवय्ये. त्याने घराण्याचं चिन्हही काढून दिलंय, त्यात वीज आहे आणि तलवार आहे.

जुलैत आम्ही वीसेक मॅकिलटॉरन बेटावर येतोय. तुझ्या शेतात पणजी मोरागच्या घराच्या पडक्या भिंती आहेत, तिथे एक ग्रॅनाइटचा स्तंभ उभारायचा आणि त्यावर आपली वंशावळ कोरायची. तुझी परवानगी हवी.

एकच अडचण आहे. बेटावर बाबांना सगळे हेक्टर इयन मोराग म्हणायचे. म्हणजे हेक्टर इयनचा, इयन मोरागचा. पण मोरागचा नवरा कोण? तक्त्यातला तेवढाच चौकोन रिकामा आहे. ती एखाद्या सरदाराची विधवा असावी असा माझा कयास आहे. तेवढं लगेच कळव. तब्येतीला जप. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा भाचा,
लॅकलन

---

किलटॉरन, टायरी बेट
३ मार्च १९८६

चि. लॅकलन यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमन अँगसने ते आधी पाकिटावरूनच वाचून घेतलं आणि मला विचारलं, की मार्सली, हे मॅकिलटॉरन कोण? चाळीस वर्षं माझ्या घरी टपाल टाकतोय मेला! इथे आडनाव लागतं ते पाद्रीबुवांना आणि सरकारला. बाकी मी मार्सली इयन मोराग, आणि माझी गाय ती मार्सलीची गाय.

मेघगर्जनेचा पुत्र म्हणे! त्या तज्ज्ञाला किती मोजलेस ते मला सांगू नकोस, रात्रीची झोप उडेल. अरे शहाण्या, टॉरन हा आमचा साधू. त्याची पडकी प्रार्थनाघुमटी अजून किनाऱ्यावर आहे. तिची झाडलोट करणारा गडी, त्या गड्याचा पोरगा, एवढाच आपल्या नावाचा अर्थ. झाडूवाल्याची औलाद आपण. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! तलवारीच्या जागी केरसुणी काढून घे.

त्रेसष्टच उरलोत याचा तुला केवढा अभिमान. शहाणी माणसं वाढतात रे.

स्तंभ हवा तर उभार. माझ्या गायीला पाठ खाजवायला काहीतरी हवंच होतं. मोरागच्या नवऱ्याचं विचारतोस, तर त्याच्याविषयी सांगण्यासारखं काहीच नाही. माझ्या बापानेही त्याचं कधी नाव काढलं नाही.

वारा फार आहे, कोंबड्या उडून जातायत. दाढा उपटणं बंद केलंस ते बरं केलंस. लोभ आहे, फार ताणू नकोस.

तुझी आत्या,
मार्सली

---

टोरांटो
११ एप्रिल १९८६

ती. मार्सलीआजीस,
लॅकलनच्या ऊनाचा साष्टांग नमस्कार.

आजी, तुला कधी लिहीत नाही आणि आज लिहितेय ते गाऱ्हाणं. मागच्या वर्षी मी रूथीला घरी आणलं. सहा वर्षांची आहे. तिला आईबाप नाहीत. मी लग्न केलं नाही म्हणून बाबा आधीच रुसलेले, त्यात हे. मे महिन्यात दत्तकाचे कागद होतील आणि तिला आपलं आडनाव लागेल.

रविवारी जेवताना मी सहज विचारलं, की स्तंभावर रूथीचंही नाव असेल ना? बाबा म्हणाले, की कुणाचं कोण जाणे ते पोर, आपल्या रक्ताचं नाही. नाव म्हणजे काय खुंटीवरचा कोट आहे का, कुणीही यावं आणि अंगात घालावा? तिला नाव लावलंस तर तुझंही कोरणार नाही, असंही म्हणाले. रूथी समोरच बसली होती.

तेव्हापासून ती शाळेत नुसतं रूथी लिहिते. पुढची जागा कोरी सोडते.

मला भांडायचा कंटाळा आलाय गं. तिला दुसरंच एखादं आडनाव लावून टाकू का? निदान घरात शांतता तरी राहील. तू म्हणशील तसं करीन. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
ऊना

---

किलटॉरन
२४ एप्रिल १९८६

चि. लॅकलन यास,
आशीर्वाद या खेपेला राखून ठेवलेत.

ऊनाचं पत्र आलं. जेवणाच्या टेबलावर तू काय अक्कल पाजळलीस ते कळलं. सहा वर्षांच्या पोरीसमोर! पन्नाशी उलटली तुझी, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगायचीस.

आता तुझा रिकामा चौकोन भरते. मोरागला नवरा नव्हता. सरदार नाही, शिपाई नाही, कुणीच नाही. एक पाय अधू, एक गाय आणि दोन वाफे बटाटे, एवढा तिचा संसार. तिला मूलबाळही झालं नाही.

त्या काळी ग्लासगोची पोरकी पोरं बोटीत घालून इथे आणत आणि धक्क्यावर वाटून देत. कामाला उपयोगी पडतील अशी दांडगी पोरं शेतकऱ्यांनी आधी उचलली. मागे उरलं एक शेंबडं, खरुजलेलं, तोंडातून शब्द न काढणारं. ते कुणालाच नको होतं. मोराग लंगडत आली आणि त्याला शालीत गुंडाळून घरी घेऊन गेली. तो माझा बाप. तुझा आजोबा. ज्याची वंशावळ तू ग्रॅनाइटवर कोरायला निघालायस, तो.

शाळेत मास्तरने त्याचं नाव विचारलं तेव्हा तो इयन म्हणाला आणि पुढे गप्प बसला. पोरं ओरडली, की त्याला कुठलं आडनाव, तो बोटीतला! दुसऱ्या दिवशी मोरागने गाय पिळायची तशीच सोडली आणि शाळेत जाऊन मास्तरला ठणकावलं, की हा माझे बटाटे खातो, माझ्या चुलीशी निजतो, मग नाव काय शेजारणीचं लावणार? मास्तर तिला फार भ्यायचा. तेव्हापासून तो मॅकिलटॉरन.

यात गुपित काही नाही. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सगळ्यांच्या नावांची माळ बापावरून आजोबावर जाते, आपलीच तेवढी एका बाईपाशी थांबते. का थांबते, असं तुला कधी विचारावंसं वाटलं नाही? तुझ्या बापाने तिकडे जाऊन तोंडाला कुलूप लावलं असणार. हेक्टरला कायम लोक काय म्हणतील याचीच धास्ती.

रक्ताने मोजायचं तर तुझ्या त्रेसष्टांतून आधी तू वजा हो. मग मी, मग ऊना. हो, तो कोटच आहे! मोरागने थंडीने कुडकुडणाऱ्या एका पोराच्या अंगात घातला, म्हणून आज तो तुझ्या अंगात आहे. आणि तू ऐटीत बटणं लावून दुसऱ्या पोराला दारातून हाकलतोस?

ऊनाला मी लिहिलंय, की पोरीला हेच नाव लाव. रूथीशिवाय आलास तर माझ्या शेताचं फाटक बंद आहे. स्तंभ समुद्रात उभार, तिथे मेघगर्जना भरपूर असते.

आत्या,
मार्सली

---

हॅमिल्टन
१९ मे १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी वाटलं तू खोटं लिहिलंस. मग बाबा आठवले. मोरागचं नाव निघालं की ते उठून अंगणात जायचे.

पाथरवटाला कळवलंय. वीज नको, तलवार नको. सगळ्यांत वर मोराग, एकटी.

रूथीला विचारलं, की आडनाव का लिहीत नाहीस? ती म्हणाली, की ते तुमचं आहे ना. तिचं तिकीट काढलंय. खिडकीची जागा तिला दिलीय.

आजोबांचं ग्लासगोचं आडनाव काय होतं गं? रागावली असलीस तरी एवढं सांग. आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी मागतो.

लॅकलन

---

किलटॉरन
२ जून १९८६

चि. रूथी, ऊनाची, लॅकलनची, हेक्टरची, इयनची, मोरागची, हिला
तुझ्या म्हाताऱ्या पणजीचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईकडून वाचून घे. तुझा आजोबा जवळपास असला तर जरा मोठ्याने वाचायला सांग. त्याला म्हणावं, इयनने ते आडनाव आम्हाला कधी सांगितलं नाही आणि मोरागने कधी विचारलं नाही. आणि आशीर्वाद काय, दिले. तो मूर्ख असला तरी आमचाच आहे.

गाय तुला चाटेल, घाबरू नकोस. लापशी रोज खावी लागेल, तोंड वाकडं केलेलं चालणार नाही.

आता महत्त्वाचं. बोट लागली की धक्क्यावर म्हातारे बसलेले असतील. ते सगळ्यांना एकच विचारतात, की तू कुणाची? मॅकिलटॉरन म्हणालीस तर डोकं खाजवत बसतील. वर लिहिलीय ती माळ पाठ कर आणि सांग. एखादं मधलं नाव चुकलं तरी हरकत नाही, शेवटचं मात्र ठासून म्हण. इथे वारा फार असतो.

फाटक उघडं ठेवते.

तुझी,
मार्सली, इयनची, मोरागची